फिरा मेणबत्तीविना मेली

ब्राद्येनी, ९ नोव्हेंबर

रेलू बाळा,

फोन करता आला असता, पण आपल्या दरीत रेंज मिळते ती फक्त कब्रस्तानाच्या टेकडीवर, आणि जिवंत माणसाशी बोलायला मी मेलेल्यांच्यात जाऊन उभी राहणार नाही. शिवाय फोनवर तू "बरं, बरं" म्हणत मला वाटेला लावतोस. कागद तुला पूर्ण वाचावा लागेल.

तुझा सिनेमा काल गावाने पाहिला. हॉलच्या भिंतीवर पारास्कीवाची चादर ताणली होती, आणि चादर आपली आहे हे प्रत्येकाच्या कानावर घातल्याशिवाय तिने दिवे बंद होऊ दिले नाहीत. गर्दी लग्नाला नसते एवढी. ज्यांच्या कोंबड्या सिनेमात आहेत ते पुढच्या बाकांवर.

तू म्हणाला होतास, "मावशी, लोकांची मतं खरीखरी कळव." तर घे. तुझा राक्षस मक्यातून पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा अख्खा हॉल ओरडला, "काय इलारी, बरं आहे ना?" डावा पाय ओढत चालणारा ट्रॅक्टरवाला आपल्या गावात एकच आहे. पारास्कीवाने राक्षसाच्या पाठीवरचं कातडं ओळखलं. तो तिचा मेंढा. तो किती गुणी होता हे ती सांगत बसली आणि त्यात पोलीस येतो तो सगळा प्रसंग वाहून गेला. पाद्रीबाबांचं म्हणणं, देवाचं चित्र पूर्वेच्या भिंतीवर हवं होतं, तू ते खिडकीपाशी टांगलंस, मग राक्षस येईल नाही तर काय होईल! आणि पुरुष मंडळी एकसुरात म्हणाली की सिनेमात तू जून म्हणतोस आणि मका तर ऑक्टोबरचा, वाळलेला. राक्षसावर विश्वास ठेवायला त्यांची हरकत नाही, जूनमधल्या वाळलेल्या मक्यावर आहे.

हे सगळं चालायचं. मी तुझ्या बाजूने भांडलेसुद्धा. पण शेवट आला. राक्षसाने मला ओढत मक्यात नेलं, पडदा काळा झाला, दिवे लागले, आणि टाळी नाही की चकार शब्द नाही. मला वाटलं, घाबरले! मग पारास्कीवा उठली आणि म्हणाली, "फिरा मेणबत्तीविना मेली."

झालं. आज पावाच्या दुकानात माझ्यासाठी लोक बाजूला सरत होते. अर्धा पाव मागितला तर दुकानदाराने अख्खा दिला.

तू म्हणशील, सिनेमा आहे. पण त्यातल्या बाईचं नाव फिरा. घर माझं, एप्रन माझा, किंकाळी माझी. तूच म्हणालास, "नवीन नाव कशाला, तू गोंधळशील." दुसरं नाव दिलं असतंस तर दुसरी बाई मेली असती. जाताना हातात पेटलेली मेणबत्ती नसली की पलीकडे अंधारात चाचपडत फिरावं लागतं, हे तुला मी शिकवायला नको.

तेव्हा ये आणि दुरुस्त कर. सगळ्यांचा मका कापून झाला. विहिरीमागचा माझा पट्टा मी उभा ठेवला आहे.

तुझी मावशी,
फिरा


बुखारेस्ट, २१ नोव्हेंबर

मावशी,

तुझ्या हाताचा मुका. तुझं पत्र मी मित्रांना वाचून दाखवलं, आणि आता सगळ्यांना पारास्कीवाच्या मेंढ्याबद्दल माहीत आहे. इलारीला सांग, गावाने ओळखला तरी शहरात त्याला कोणी ओळखलं नाही. इथे एका क्लबात आम्ही सिनेमा दाखवला. ज्यांनी पाहिला त्यांनी कम्प्युटरवर मतं लिहिली आहेत. जशीच्या तशी उतरवतो, कारण मला त्यांची लाज वाटत नाही. शिव्या खाणारा सिनेमा निदान पाहिला तरी जातो.

एक जण म्हणतो, राक्षस म्हणजे दात लावलेली गादी. दुसरा म्हणतो, गोष्ट नाही पण गायी उत्तम. एक बाई लिहिते, मला भीती वाटली नाही, भूक लागली, त्या कढईत काय शिजत होतं? आणखी एक: म्हातारीची किंकाळी ऐकून आमचं मांजर कपाटावर जाऊन बसलं ते अजून उतरलेलं नाही. आणि शेवटचा, जो मला लागला: जिथे दिग्दर्शकाचे पैसे संपले तिथे सिनेमा संपला.

मावशी, मला खात्री आहे की हा सिनेमा चांगला आहे. डोंगरापलीकडे एप्रिलमध्ये भयपटांचा महोत्सव असतो, तिथे पाठवला आहे. घेतील. घ्यायलाच हवा.

मेणबत्तीचं मात्र जमणार नाही. तू जरा माझ्या जागी बसून बघ. मागून राक्षस झडप घालतो, तू ओरडतेस, काळोख. यात मेणबत्ती आणायची कुठून? आणि धरणार कोण? त्या शेतात राक्षसाशिवाय दुसरं आहे कोण? लोक खुर्चीवरून पडतील हसून. गाव थोडे दिवस बोलेल आणि विसरेल. मका कापून टाक, उगाच उंदरांची सोय नको.

तुझा,
रेलू


ब्राद्येनी, ४ डिसेंबर

रेलू,

त्या लोकांना माझी उत्तरं कळव.

गादीवाल्याला सांग, ज्या गादीवर तो झोपतो ती इलारीएवढी सहनशील आहे का ते आधी बघ. दर वेळी आम्ही त्या माणसाला कातड्यात शिवून टाकायचो आणि लघवीला जायचं झालं की उसवायचो. गायी उत्तम म्हणणारा शहाणा आहे, त्याला माझा नमस्कार. कढईत राजमा होता, धुरावलेल्या हाडांसकट. त्या बाईला म्हणावं, ये, घालते. मांजराला दूध ठेवा, उतरेल. आणि पैसे संपले म्हणणाऱ्याचं बरोबर आहे. त्याला शेंडी लावू नकोस.

आता आपलं. गाव विसरलेलं नाही. परवा पारास्कीवा माझ्यासाठी कोलिवा घेऊन आली! मेलेल्यांच्या नावाने वाटायचा गोड गहू, आणि तो मलाच! मी दारात उभी, हातात झाडू. "तुला देत नाही गं, तुझ्या आत्म्यासाठी आहे," म्हणाली. मी म्हटलं, "आत्मा आत स्वयंपाक करतोय, त्याला वेळ नाही." हसून हसून आम्हा दोघींची पुरेवाट झाली. पण ती गेल्यावर मी दार लावलं आणि मला हसू येईना.

तू विचारलंस, धरणार कोण. तुझे आजोबा गाडीखाली सापडले तेव्हा रस्त्यावर एकच माणूस होता, तोच, ज्याच्याशी बांधावरून त्यांचा जन्मभर कोर्टात दावा चालला. त्याने स्वतःच्या कंदिलातली मेणबत्ती काढली आणि आजोबांच्या मुठीवर मूठ ठेवून धरली. संपेपर्यंत. मग पुढच्या महिन्यात तो आपल्या घरच्यांवर पुन्हा दावा चालवायला उभा राहिला, पण ते वेगळं. जो जवळ असेल त्याने धरायची असते. तिथे वैरी-सोयरा बघत नाहीत.

आणि तुझी आई. माझी लीना इटलीत परक्या म्हाताऱ्यांची सेवा करता करता तिथल्याच हॉस्पिटलात गेली. तिच्याजवळ कोण होतं ते आपल्याला माहीत नाही. कोणी काही धरलं का ते माहीत नाही. मी दर शनिवारी तिच्या नावाने मेणबत्ती लावते, पण नंतर लावलेली ती नंतरचीच. माझ्या बहिणीचं जे झालं ते माझंही होताना गावाने चादरीवर पाहिलं, आणि ते तू केलंस. मला वाईट वाटलं, रेलू. सरळ सांगते.

मका उभा आहे. लोक हसतात. नाकावर टिच्चून उभा ठेवीन.

फिरा


बुखारेस्ट, २३ जानेवारी

मावशी,

नाताळच्या पत्राचं उत्तर आलं नाही. रागावलीस का? राग असू दे, पण लिही.

आईबद्दल तू लिहिलंस त्यावर उत्तर लिहायला बसलो. तीन वेळा कागद घेतला.

बातमी अशी की महोत्सवातून पत्र आलं. तिथल्या बाईंचं मत: पहिला तास आम्हाला आवडला, पण सिनेमाला शेवट नाही. मार्चच्या मध्यापर्यंत नवा शेवट पाठवलात तर घेऊ. मावशी, घेतील म्हटलं होतं ना! शेवट माझ्या डोक्यात तयार आहे. आग. राक्षस पेटतो, मका पेटतो, सगळं शेत पेटतं. असं दृश्य आपल्याकडे कोणी केलेलं नाही.

अडचण एकच, संपूर्ण देशात या दिवसांत उभा मका कोणाकडे आहे? तेव्हा हात जोडून विचारतो, तुझा पट्टा अजून आहे ना? कापू नकोस. जाळायची परवानगी दे. आणि त्याच दिवशी तुझा मेणबत्तीचा शॉटही घेऊ, शब्द देतो. इलारीला सांग, पोशाख बाहेर काढून वाळत घाल.

लगेच उत्तर दे.

रेलू


ब्राद्येनी, ५ फेब्रुवारी

रेलू,

मी इलारी. मला लिहिता येतं, दचकू नकोस.

फिराताई रागावलेली नाही. ती नाताळच्या आधी चुलीपाशी कोसळली आणि तिला शहरात हॉस्पिटलात नेलं. हृदयाचं आहे. तुला कळवायचं नाही अशी तिने सगळ्यांना तंबी दिली. "तो येईल, रडेल, आणि सिनेमा सोडून बसेल," म्हणाली. मी आता तंबी मोडतो आहे. तिला माझं काय करायचं ते करू दे.

हॉस्पिटलात तिने उशीखाली मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवली होती. नर्सने काढून घेतली. नर्सचंही बरोबर, बाजूला ऑक्सिजनची टाकी, अख्खा मजला उडाला असता. पण ताईने त्याच दिवशी सही केली आणि घरी आली. डॉक्टर म्हणाले, "आजी, इथे राहिलात तर जास्त जगाल." ती म्हणाली, "जगायचं मला ठाऊक आहे, मरायची सोय इथे नाही."

आता ती बरी आहे. म्हणजे मला शिव्या देते. बर्फ पडला तेव्हा काठी घेऊन मक्यावरचा बर्फ झटकत होती, मोडू नये म्हणून. मी ओरडलो, "ताई, वेडी झालीस का?" तर म्हणे, "तू राक्षस आहेस, राक्षसासारखा राहा, सल्ले देऊ नकोस." मग काय, आता बर्फ मी झटकतो.

तुझं पत्र तिने वाचलं. जाळायला हो म्हणते आहे. "आधी मेणबत्ती, मग काय पेटवायचं ते पेटव," हे तिचे शब्द.

तू माझं मत कधी विचारलं नाहीस, पण सांगतो. सिनेमा मला आवडला. कातड्यात फार उकडतं. राक्षसाला एवढा राग का येतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तू म्हणालास तसा मी गुरगुरलो.

पोशाखात उंदराची पिल्लं निघाली. ती हलवली. राक्षसाच्या सोंडेची नळी फाटली आहे, दूध काढायच्या मशीनची दुसरी लावतो. लवकर ये.

इलारी


बुखारेस्ट, १७ एप्रिल

मावशी,

तुझ्या दोन्ही हातांचा मुका. काल रात्रीच्या गाडीने महोत्सवाहून परत आलो, झोपलो नाही, आधी तुला लिहितो आहे.

आधी एक कबुली. फेब्रुवारीत शूटिंगला आलो त्या दिवशी तुझा मेणबत्तीचा शॉट मी घेणार नव्हतो. म्हणजे कॅमेरा तुझ्याकडे वळवणार होतो, पण चालू करणार नव्हतो. बॅटरी आगीसाठी राखायची होती आणि तुझं समाधान झालं की पुरे, असा माझा हिशेब. इलारीच्या पत्रानंतरसुद्धा. तुला बरं वाटावं एवढंच माझ्या मनात होतं, सिनेमाशी त्याचा संबंध मी जोडलाच नव्हता.

तू डोळे मिटून पडली होतीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ताठ पडून राहिलीस आणि इलारीने काय केलं हे नंतर विचारणं तुझ्या स्वभावात नव्हतंच. तर ऐक.

मी मेणबत्ती पेटवून तुझ्या हातात दिली आणि मागे आलो. इलारीने मागेच उभं राहायचं होतं. वारा होता. तुझी बोटं थंडीने आखडली होती आणि मेणबत्ती कलायला लागली. मी "थांबा" म्हणणार, तेवढ्यात तो राक्षस पाय ओढत पुढे आला आणि तुझ्याशेजारी बर्फात गुडघ्यावर बसला. त्या मुखवट्यातून त्याला धड दिसत नाही, तरी चाचपून त्याने तुझी मूठ शोधली आणि तिच्यावर आपला पंजा ठेवला. दुसरा पंजा वाऱ्याला आडवा धरला. मी ओरडलो, "इलारी, काय करतोस?" तर आतून आवाज आला, "दुसरं कोण आहे इथे?"

मावशी, तेव्हा मी कॅमेरा चालू केला.

मेण त्याच्या पंजावर गळत होतं. पंजा मक्याच्या सालींचा, त्याचं एक बोट पेटलं आणि विझलं, पण त्याने हात काढला नाही. तुझा चेहरा शांत झाला होता. मला क्षणभर खरंच भीती वाटली आणि मी तुला हाक मारली. तू डोळे न उघडता म्हणालीस, "गप, मी मरतेय." ते शब्द मला कापावे लागले. बाकी सगळं आहे.

मग आग मी लावलीच नाही. तू विचारलंस तेव्हा मी "वारा आहे" म्हणालो. वाऱ्याचं कारण नव्हतं. सिनेमाचा शेवट मला मिळाला होता.

महोत्सवातला हॉल तरुण पोरांनी भरलेला. बिअर पीत, मोठमोठ्याने शेरे मारत बघतात, तिथली तीच पद्धत. कोंबड्यांना हसले, नळीला हसले, मेंढ्याच्या पाठीला तर फार हसले. मेणबत्तीला कोणी हसलं नाही. राक्षस गुडघ्यावर बसला आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एकाने डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मतं उतरवतो. "राक्षस अजूनही गादीच आहे, पण मला त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही." "माझी आजी गेली तेव्हा मी जर्मनीत कामावर होतो. बाहेर जाऊन रडलो. भयपटाला आलो होतो, हे काय केलंत?" "म्हातारीने एकदा तरी हसायला हवं होतं." एका परदेशी परीक्षकाने मला विचारलं, राक्षस कशाचं प्रतीक आहे? मी म्हटलं, कशाचं नाही, तो जवळ होता.

बक्षीस लिफ्टमधल्या भुताच्या सिनेमाला मिळालं. पण आणखी चार गावांत सिनेमा दाखवणार आहेत, आणि त्यातलं पहिलं ब्राद्येनी. सिनेमाची डिस्क टपालाने पाठवतो. मला इथून सुटी नाही, म्हणून तूच बघ आणि गावाचं मत कळव.

आईसाठी मी काल देवळात मेणबत्ती लावली. मग पडद्यावरची तुझी आठवली आणि मला बरं वाटलं. तिच्या वेळी कोणीतरी होतंच, असं मी आता मानणार आहे. कोणी का असेना.

तुझा,
रेलू


ब्राद्येनी, ५ मे

रेलू बाळा,

कॅमेरा बंद होता हे मला माहीत होतं. त्याचा लाल दिवा मी आल्या आल्याच बघून ठेवला होता. मी मनात म्हटलं, आता डोळे मिटते, उघडीन तेव्हा दिवा लाल नसला तर मका कोणालाही जाळू देणार नाही. लाल होता. म्हणून तू वाचलास.

सिनेमा काल दाखवला. चादर पुन्हा पारास्कीवाचीच, आता ती दर वेळी तिचीच असणार. इलारी आला की यंदाही लोक ओरडले, जूनच्या मक्याला यंदाही हसले. मग बर्फ आला. कोणीतरी म्हणालं, "जूनमध्ये बर्फ!" आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. मेणबत्ती पेटली तेव्हा हॉल उभा राहिला, रेलू. बाक सरकल्याचा आवाज झाला. पुरुषांनी टोप्या काढल्या. पाद्रीबाबांनी छातीवर क्रॉसची खूण केली. आणि मेलेल्यांसाठी म्हणतात तसं सगळे एकदम म्हणाले, "देव तिला क्षमा करो." मी पहिल्या रांगेत बसलेली! मी मागे वळून म्हणाले, "करेल, करेल, खाली बसा, मला दिसत नाही."

दिवे लागल्यावर मतं सुरू झाली, पण सिनेमाबद्दल एक नाही. सगळी माझ्याबद्दल. एक म्हणतो, फिरा फटकळ होती पण दार कधी बंद नव्हतं तिचं. दुसरी म्हणते, माझ्या बाळंतपणात तिनेच पाणी तापवलं. मी तिथेच बसलेली, तरी "होती, होती" चाललेलं. पारास्कीवा तर डोळे पुसत म्हणाली, "माझ्याशी तेवढं कोणी भांडलं नाही." एवढं चांगलं बोललेलं ऐकून मला राहवेना. मी सगळ्यांना घरी नेलं आणि जेवायला घातलं. आपल्याकडे जिवंतपणी आपल्याच नावाचं जेवण घालायची रीत आहेच, मी बरीच वर्षं पुढे ढकलत होते. राजमा, कोबीच्या पानांत गुंडाळलेले सारमाले, आलुबुखाराची दारू. पहिलं ताट इलारीला दिलं. त्याच्या बोटावर भाजल्याचा डाग आहे. साल जळली तेव्हा आतलं बोटही भाजलं होतं, त्याने तुला सांगितलं नाही.

मका कापला. आता पेरणी.

त्या जर्मनीवाल्या मुलाला लिही की त्याच्या आजीजवळ कोणीतरी असणार, आजी लोक एकट्या राहतात पण शेजारपाजार ठेवून राहतात. आणि मी हसत नाही म्हणणाऱ्याला सांग, मरताना हसणारी बाई बघायची असेल तर त्याने स्वतःचा सिनेमा काढावा.

डॉक्टर पुन्हा बोलवत आहेत. जाईन, गोळ्या घेईन, राहणार नाही. जेवण आटोपल्यावर इलारी भांडी आत आणून ठेवत म्हणाला, "ताई, खरोखर वेळ आली की मला हाक मार. मला आता जमतं." मी म्हटलं, "इलारी, तू भिंतीपलीकडे आहेस, न बोलावता येशील, आणि तू धरलीस तर मला चालेल. पण हाक मी रेलूलाच मारणार."

तुझी,
फिरा मावशी